चार दिवस झाले, लिनक्स आत्ता कुठे बूट झालाय: सिम्युलेशनमध्ये तपशील कुठे खर्चायचा?

जळगावहून एका एम.टेक.च्या विद्यार्थ्याचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "एल२ कॅशसाठी नवीन प्रीफेचर केलाय. जेम५ मध्ये आठ कोअर, ओ-थ्री मॉडेल आणि फुल सिस्टीम लावलीय. चार दिवस झाले, लिनक्स आत्ता कुठे बूट झालाय, बेंचमार्क सुरूही नाही. सर म्हणतात सगळं सायकल-ॲक्युरेट पाहिजे. माझ्याकडे लॅबचा एक पीसी, १६ जीबी रॅम आणि तीन महिने आहेत. तपशील किती कमी केला तर चालेल?"

(नवख्यांसाठी: जेम५ म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणारा सिम्युलेटर. कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी; एल१ सगळ्यात जवळची, मग एल२, एल३. प्रीफेचर म्हणजे पुढे लागणारा डेटा अंदाजाने आधीच कॅशमध्ये आणणारा भाग. ओ-थ्री म्हणजे इन्स्ट्रक्शन्स क्रम सोडून चालवणाऱ्या कोअरचं तपशीलवार मॉडेल, फुल सिस्टीम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमसकट सगळं मशीन, आणि सायकल-ॲक्युरेट म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा प्रत्येक ठोका मोजणारं.)

भाऊ, आधी तो रन बंद करा. तो संपणार नाही, आणि संपला तरी त्यातून तुमच्या प्रीफेचरबद्दल फार काही कळणार नाही.

का संपणार नाही, याचा हिशोब कागदावर मांडून सरांनाच दाखवा. ३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, आयपीसी (एका सायकलमध्ये होणाऱ्या इन्स्ट्रक्शन्स) १ धरला, तर सेकंदाला ३ अब्ज इन्स्ट्रक्शन्स होतात. जेम५ चं ओ-थ्री मॉडेल साध्या पीसीवर सेकंदाला एक-दोन लाख इन्स्ट्रक्शन्स ओढतं. दोन लाख धरा. म्हणजे खऱ्या मशीनचा एक सेकंद तुमच्याकडे १५,००० सेकंदांचा, सव्वाचार तासांच्या आसपास. स्पेकचा (प्रोसेसर तपासायच्या ठरलेल्या संचातला) एखादा प्रोग्रॅम मोठ्या इनपुटवर खऱ्या मशीनवर दहा मिनिटं चालत असेल, तर तुमच्याकडे १०४ दिवस. हे एका कोअरचं झालं. जेम५ नेहमीच्या मांडणीत होस्टच्या, म्हणजे तुमच्या पीसीच्या, एकाच थ्रेडवर चालतो, त्यामुळे आठही कोअरचं काम तो एकट्यानेच, एकामागून एक उरकतो. पीसीला बारा कोअर असले तरी त्या एका रनला त्यांचा उपयोग नाही. वेगवेगळे रन एकाच वेळी सोडायला मात्र होतो, तो मुद्दा पुढे येईल.

आता "किती कमी केला तर चालेल" याबद्दल. तपशील म्हणजे आवाजाचं बटण नाही, की सगळीकडे सारखाच कमी-जास्त करायचा. तुमची कल्पना मशीनच्या ज्या भागाला हात लावते, तिथे तपशील भरपूर हवा. इतर ठिकाणी निष्कर्ष बदलणार नाही एवढाच पुरे. तुमच्या मांडणीत गंमत अशी झालीय की लिनक्स बूट होतानाची प्रत्येक सायकल तुम्ही इमानदारीने मोजलीत, आणि मेमरी मात्र साधी ठेवली असणार. (कॉन्फिग फाईल बघा. बहुतेक मुलांची तशीच असते.)

प्रीफेचर कशाकशाला भिडतो? एल१ मधून येणाऱ्या मिसच्या (कॅशमध्ये न सापडलेल्या मागण्यांच्या) क्रमाला, एल२ च्या जागेला, एकाच वेळी किती मिस बाहेर राहू शकतात या मर्यादेला, आणि सगळ्यात जास्त डीरॅमला, म्हणजे मुख्य मेमरीला. ब्रँच प्रेडिक्टर (प्रोग्रॅम पुढे कुठल्या फाट्याने जाईल याचा अंदाज करणारा भाग) अमुक जातीचा की तमुक, डिकोडला एक टप्पा की दोन, याने तुमच्या निकालात फार फरक पडत नाही. डीरॅमने पडतो. जरा जवळून बघू.

डीडीआर४-३२०० चं सीएल२२ चं मॉड्यूल घ्या. हवी ती ओळ, म्हणजे रो, आधीच उघडी असेल तर कॉलम वाचायला १३.७५ नॅनोसेकंद लागतात. कुठलीच रो उघडी नसेल तर आधी ती उघडा, मग वाचा: २७.५. आणि त्या बँकेत, म्हणजे डीरॅमच्या त्या कप्प्यात, दुसरीच रो उघडी असेल तर ती बंद करा, आपली उघडा, मग वाचा: ४१.२५. तीन गिगाहर्ट्‌झला हे ४१ सायकल विरुद्ध १२४ सायकल झालं, तेही रांगेतला वेळ न धरता. चांगला प्रीफेचर उघड्या रोमधल्या लाइन्स (कॅशचे ६४ बाइटचे तुकडे) पटापट आणतो, त्याला ४१ चा भाव मिळतो. चुकीचे अंदाज करणारा प्रीफेचर दुसऱ्याची उघडी रो बंद पाडतो आणि खऱ्या मागणीला १२४ मोजायला लावतो. जेम५ च्या सिंपल मेमरीत बँडविड्थची मर्यादा घालता येते, पण बँक आणि रो हा प्रकारच तिला माहीत नाही. तिथे चुकीच्या अंदाजाचा दंड जवळजवळ लागत नाही. त्यामुळे आक्रमक प्रीफेचर नेहमीच शहाणा ठरतो, आणि रिपोर्टमध्ये एक सुंदर आलेख येतो, जो खऱ्या मशीनवर टिकत नाही. जेम५ चंच तपशीलवार डीरॅम मॉडेल लावा, किंवा रॅम्युलेटर हा डीरॅमचा वेगळा सिम्युलेटर जोडा. याने रन थोडा मंदावतो. हा खर्च करायचाच.

बँडविड्थचा हिशोबही करून ठेवा, कारण आठ कोअर खरंच लागतात का याचं उत्तर त्यातच आहे. त्या डीडीआर४ च्या एका चॅनलला सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी. एका कोअरला दर हजार इन्स्ट्रक्शन्समागे २० मिस, आयपीसी १, ३ गिगाहर्ट्‌झ: सेकंदाला ६ कोटी मिस, प्रत्येकी ६४ बाइट, म्हणजे ३.८४ जीबी. एक कोअर असेल तर चॅनल जवळजवळ रिकामंच, तिथे प्रीफेचर काहीही उधळपट्टी करो, खपून जातं. आठ कोअरची मागणी ३०.७ जीबी, चॅनलच्या ताकदीबाहेर. तेव्हा गर्दीत तुमचा प्रीफेचर कसा वागतो हे बघायलाच हवं, पण त्यासाठी प्रत्येक वेळी आठ कोअर पळवायची गरज नाही. एकच कोअर ठेवा आणि त्याला बँडविड्थ आठवा हिस्सा, ३.२ जीबी, द्या. हे तंतोतंत आठ कोअर नव्हे. शेजाऱ्यांच्या मागण्या बँकेत कशा आडव्या येतात ते यात दिसत नाही. पण गर्दीत कोसळणारी डिझाइन्स इथेच उघडी पडतात, आठपट वेळ वाचतो. २०१५ च्या दुसऱ्या डेटा प्रीफेचिंग स्पर्धेतही एक मांडणी मुद्दाम अशीच कमी बँडविड्थची ठेवली होती. आठ कोअरचे खरे रन शेवटी उरलेल्या एक-दोन डिझाइन्ससाठी राखून ठेवा.

कोअरचं मॉडेल मात्र स्वस्तातलं घेऊ नका, निदान मोजणीच्या भागात तरी नाही. टायमिंग-सिंपल हा जेम५ चा साधा कोअर प्रत्येक मिसला हातावर हात ठेवून बसतो. ओ-थ्रीचा आरओबी (पूर्ण व्हायच्या राहिलेल्या इन्स्ट्रक्शन्सची रांग) मुळात १९२ चा असतो, त्यामुळे एल३ हिटसारखी छोटी वाट बघणं तो बरंचसं इतर कामात लपवतो. प्रीफेचरचा फायदा म्हणजे वाचलेली वाट. कोअरने आधीच लपवलेला वेळ प्रीफेचरच्या खात्यात जमा झाला तर आकडा फुगतो. ब्रँच प्रेडिक्टरच्या अभ्यासाला कदाचित मेमरी साधी चालली असती आणि फ्रंट-एंड (इन्स्ट्रक्शन्स आणून उलगडणारा भाग) बारीक लागला असता. तुमचं उलटं आहे.

फुल सिस्टीम लागते का? तुमचे बेंचमार्क स्पेकसारखे असतील, एका थ्रेडचे, ऑपरेटिंग सिस्टीमकडे क्वचित जाणारे, तर एसई मोड (ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय नुसता प्रोग्रॅम चालवणारा) पुरे. डेटाबेस किंवा वेब सर्व्हर असेल तर फुल सिस्टीम हवी, पण बूट ओ-थ्रीवर कशाला? होस्ट आणि गेस्ट (सिम्युलेटेड मशीन) दोन्ही एक्स८६ असतील तर केव्हीएमवर, म्हणजे थेट होस्टच्या प्रोसेसरवर, बूट करा, नाहीतर ॲटॉमिक या जेम५ च्या झटपट, कमी तपशिलाच्या मॉडेलवर. प्रोग्रॅम सुरू होण्याच्या तोंडावर चेकपॉइंट घ्या, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जतन करा. तिथून पुढे हवा तितक्या वेळा ओ-थ्रीवर उचला. बूट एकदाच.

आता मुख्य बचत: नमुने घेणं. जिनिंगवर कापसाची गाडी लागली की पारखी माणूस वरचा मूठभर कापूस बघून भाव सांगत नाही. मधून, तळातून, कडेने हात घालून काढतो. "पहिले १ अब्ज सोडा, पुढचे १० कोटी मोजा" ही जुनी पद्धत म्हणजे वरची मूठ. त्या १० कोटींत प्रोग्रॅम कदाचित फाईल वाचून ॲरे भरत असेल, एवढंच. याला दोन उत्तरं वीसेक वर्षांपूर्वीच मिळालीत. २००२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसमधून सिमपॉइंट आलं: प्रोग्रॅमचे समान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात कुठले बेसिक ब्लॉक (मधे फाटा न फुटणारे कोडचे भाग) किती वेळा चालले त्याची नोंद करायची, के-मीन्स या गट पाडायच्या पद्धतीने सारखे तुकडे एकत्र करायचे आणि प्रत्येक गटातला एकच प्रतिनिधी बारकाईने चालवायचा. २००३ मध्ये कार्नेगी मेलनमधून स्मार्ट्स आलं: ठरावीक अंतराने हजारभर इन्स्ट्रक्शन्सचे हजारो बारीक नमुने, मधल्या काळात कॅश आणि प्रेडिक्टर चालू ठेवायचे, आणि उत्तरासोबत संख्याशास्त्राने काढलेली चुकीची मर्यादा द्यायची.

तुमच्यासाठी सिमपॉइंट सोयीचं. त्याचे बिंदू, म्हणजे ते प्रतिनिधी तुकडे, कोडवरून ठरतात, कॅशवरून नाही, म्हणून एकदा काढले की सगळ्या डिझाइन्सना तेच चालतात. बेसिक ब्लॉकच्या नोंदीचा खर्च मात्र आधी धरा. ॲटॉमिक मॉडेल ओ-थ्रीच्या दहापट धावलं तरी दहा मिनिटांचा प्रोग्रॅम त्यावर दहा दिवस घेतो. नोंद व्हॅलग्रिंड या प्रोग्रॅम तपासायच्या साधनाच्या बीबीव्ही टूलने काढा, ती कामं तासांत होतात. बिंदूपर्यंत केव्हीएमने पोहोचा. ते जमत नसेल तर सरळ लहान इनपुट घ्या आणि रिपोर्टमध्ये तसं लिहा.

इथे हमखास होणारी एक गडबड सांगतो. बिंदूंची वजनं, म्हणजे प्रत्येकाच्या गटाचा प्रोग्रॅममधला वाटा, इन्स्ट्रक्शन्सवर बेतलेली असतात, म्हणून सरासरी सीपीआयची (एका इन्स्ट्रक्शनमागच्या सायकलींची) काढायची, आयपीसीची नाही. समजा दोन बिंदू, दोघांचं वजन निम्मं-निम्मं. एकाचा आयपीसी २, दुसऱ्याचा ०.५. आयपीसीची सरासरी १.२५ येते. सीपीआयने करा: ०.५ आणि २, सरासरी १.२५, म्हणजे आयपीसी ०.८. कागदावर मशीन दीडपटीहून वेगवान झालं, एका चुकीच्या सरासरीने.

आणि वॉर्म-अप, म्हणजे मोजणीआधी कॅश भरून घेणं. जेम५ च्या साध्या कॅशमधला मजकूर चेकपॉइंटमध्ये जात नाही. उचललं की कॅश रिकामी. ८ एमबीच्या एल३ मध्ये ६४ बाइटच्या १,३१,०७२ लाइन्स बसतात. हजारामागे १० मिस असतील तर ती एकदा भरायलाच सुमारे १.३ कोटी इन्स्ट्रक्शन्स लागतात, हजारामागे १ मिस असेल तर १३ कोटी. त्यामुळे दहा लाख इन्स्ट्रक्शन्सचा तुकडा उचलून लगेच मोजलात तर तुम्ही फक्त कॅश भरताना बघितली. प्रीफेचरच्या कामात हे जास्तच फसवं, कारण रिकाम्या कॅशमध्ये मिसचा पाऊस असतो आणि कुठलाही प्रीफेचर त्यात चमकतो. प्रत्येक बिंदूआधी १५ कोटी इन्स्ट्रक्शन्स ॲटॉमिकवर कॅशसकट चालवा. पण ॲटॉमिकमध्ये प्रीफेचर खऱ्यासारखा कामाला लागत नाही, म्हणून शेवटचे १ कोटी ओ-थ्रीवरच चालवा आणि आकडे शून्यावर आणून मगच मोजणी सुरू करा.

एवढ्यावर नवा हिशोब: १० प्रोग्रॅम, प्रत्येकी १० बिंदू, ६ डिझाइन्स, म्हणजे ६०० रन. एका रनला ॲटॉमिकचे ७५ सेकंद, ओ-थ्री वॉर्म-अपचे ५०, १० कोटींच्या मोजणीचे ५००. अकरा मिनिटांच्या आत. ६०० रनचे ११० तास, आणि १६ जीबीत एका वेळी चार रन आरामात बसतात, तर २७-२८ तास. तपशीलवार डीरॅम आणि चार रनची आपसातली ओढाताण धरून दुप्पट म्हणा. एका प्रोग्रॅमच्या १०४ दिवसांऐवजी सगळा प्रयोग अडीच दिवसांत, आणि तोही जिथे हवा तिथे आधीपेक्षा जास्त तपशील घेऊन.

त्याही आधी, कल्पना अजून कच्ची असताना, जेम५ उघडूच नका. चॅम्पसिम हे सिम्युलेशनचं हलकं साधन घ्या. ते ट्रेसवर, म्हणजे आधी नोंदवून ठेवलेल्या इन्स्ट्रक्शन्सच्या यादीवर चालतं, प्रीफेचर एका सी++ फाईलमध्ये बसतो, आणि दुपारभरात पाच-सहा प्रकार करून बघता येतात. ट्रेसमध्ये चुकलेल्या ब्रँचनंतरची वाट नसते, म्हणजे त्या वाटेवर कॅशमध्ये होणारी घाण तिथे दिसत नाही. चाळणी म्हणून हे चालतं. डझनभर कल्पनांतल्या नऊ इथेच गळतात, गळू द्या.

सरांच्या सायकल-ॲक्युरेटबद्दल. सरांचा आग्रह चुकीचा नाही, पण जेम५ चं मुळातलं ओ-थ्री कॉन्फिग बाजारातल्या कुठल्याच प्रोसेसरचं नाही, मग सायकली कुणाच्या जुळवणार? आणि खऱ्या मशीनशी जुळवणं किती अवघड असतं याचा एक जुना, प्रामाणिक दाखला आहे. २००१ मध्ये काही संशोधकांनी आपला सिम्युलेटर अल्फा २१२६४ प्रोसेसर असलेल्या वर्कस्टेशनशी ताडून बघितला. २१ छोट्या चाचणी प्रोग्रॅमवर सरासरी चूक २ टक्क्यांवर आणली. स्पेक २००० च्या प्रोग्रॅमवर मात्र तीच मेहनत करून चूक ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या थोडी खालीच आली. हे प्रोसेसर समोर ठेवून, एकेक टप्पा तपासून. सरांना हे सांगा, पण उद्धटपणे नको; त्यांना व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकासमोर बसायचं असतं.

"चूक दोन्ही डिझाइन्समध्ये सारखीच, वजा होऊन जाते" असं लोक सर्रास म्हणतात. चूक तुमच्या कल्पनेपासून लांब असेल तर जाते. डीरॅममध्ये असेल तर जात नाही, कारण तुमची डिझाइन्स तिथेच एकमेकांपासून वेगळी होतात. हे तोंडाने सांगण्यापेक्षा तपासून दाखवा: चार-पाच बिंदू घ्या, तुम्ही साधा ठेवलेला एकेक भाग हलवून बघा. ब्रँच प्रेडिक्टर बदला. एल३ चा वेळ पाच-सात सायकलींनी वाढवा. डीरॅमची मांडणी बदला. डिझाइन्सचा पहिला-दुसरा-तिसरा क्रम तोच राहिला तर तो भाग साधा ठेवायला तुम्ही मोकळे. क्रम उलटला तर तपशील तिथे वाढवा. ही तपासणी एका रात्रीत होते, आणि थीसिसमधलं ते पान परीक्षक सगळ्यात आधी उघडतो. तुमचा फायदा ३ टक्के येत असेल आणि एल३ चा वेळ जरा हलवल्यावर तो १ ते ५ मध्ये फिरत असेल, तर "३.२ टक्के" लिहू नका, १ ते ५ लिहा.

पुढे आठ कोअरवर अनेक थ्रेडचे प्रोग्रॅम चालवलेत तर अजून एक भानगड. लॉक (सामायिक डेटा एका वेळी एकाच थ्रेडला वापरू देणारं कुलूप) कोणाला आधी मिळाला यावर सगळा पुढचा क्रम बदलतो, आणि मेमरीच्या वेळेत एक-दोन नॅनोसेकंदांचा फरकही निकाल हलवतो. तिथे मेमरीच्या वेळेत किंचित यादृच्छिक फरक मिसळून तेच रन अनेकदा करायचे आणि पसारा दाखवायचा. एका थ्रेडच्या कामाला हे लागत नाही.

राहिला आपल्याकडचा उन्हाळा. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, एसी नसलेल्या लॅबमधला पीसी तापून स्वतःचा वेग उतरवतो. त्याने निकाल बदलत नाही, सिम्युलेटेड सायकली तेवढ्याच राहतात. वेळ मात्र वाढतो. म्हणून मोठे रन रात्री सोडा, आणि सिम्युलेटरच्या वेगाचे आकडे थीसिसमध्ये द्यायचे असतील तर ते दुपारचे घेऊ नका. लाइट गेली की चार दिवसांचा एकसंध रन अख्खा जातो, अकरा मिनिटांचे रन फक्त चार जातात. रनची यादी एका फाईलमध्ये ठेवा, संपलेल्यावर खूण करणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहा, लाइट आल्यावर उरलेल्यांपासून सुरू. प्रत्येक रनच्या फोल्डरमध्ये स्टॅट्सची फाईल, कॉन्फिग आणि जेम५ चा कमिट नंबर (कोडच्या नेमक्या आवृत्तीची खूण) राहू द्या. ऑगस्टमध्ये परीक्षक तिसऱ्या आलेखातला सहावा बार कुठून आला विचारेल, तेव्हा ते फोल्डर उघडून दाखवता येईल.